आचेचा समझोता : शब्द आणि हक्क

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे हा प्रांत आहे. हजला निघालेल्या जहाजांचा हा त्या मुलखातला शेवटचा थांबा, म्हणून त्याला 'मक्केची ओसरी' म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याशीही त्याचे जुने नाते आहे. सुरतेजवळच्या रांदेरचे आलीम नूरुद्दीन रानीरी १६३७ साली आचेला गेले आणि काही वर्षे सुलतानाच्या दरबारात राहिले. अशा या आचेच्या बंडखोरांनी १५ ऑगस्ट २००५ रोजी फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला, इंडोनेशियाच्या सरकारशी समझोता केला. लढणाऱ्या दोन्ही बाजू बहुतांशी मुसलमानांच्याच. म्हणून या घटनेकडे आम्हाला जरा थांबून पाहावेसे वाटते.

आचे मुळात इंडोनेशियाविरुद्ध नव्हता. १८७३ पासून त्याने डचांशी दीर्घ लढा दिला होता. १९४८ साली नवजात प्रजासत्ताकाला विमान घेता यावे म्हणून आचेच्या लोकांनी वर्गणी काढली. त्याची परतफेड अशी झाली की थोड्याच काळात आचेचे वेगळे प्रांतपण गेले आणि तो उत्तर सुमात्रात विलीन झाला. १९५३ मध्ये दाऊद बेरेउए यांनी बंड केले. १९५९ मध्ये 'विशेष प्रदेश' हा दर्जा मिळाला, पण तो बराचसा कागदावरच राहिला.

१९७१ मध्ये अरुण येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू आचेचा, पण कमाई जकार्ताची आणि परदेशी कंपन्यांची. ४ डिसेंबर १९७६ रोजी हसन दि तिरो यांनी आचेचे स्वातंत्र्य जाहीर केले आणि मुक्त आचे चळवळ उभी राहिली. पुढे ते स्वीडनला गेले आणि तिथून चळवळ चालवू लागले. १९८९ ते १९९८ या काळात सरकारने आचेला लष्करी कारवाईचे क्षेत्र ठरवले. माणसे उचलली गेली, छळछावण्या चालल्या, बायकांवर अत्याचार झाले. सबंध संघर्षात सुमारे १५,००० माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो.

१९९८ मध्ये सुहार्तो गेले. पुढच्या सरकारांनी १९९९ आणि २००१ च्या कायद्यांनी आचेला शरीअत लागू करण्याची मुभा दिली. जकार्ताचा हिशेब सोपा होता : हे कट्टर धार्मिक लोक, धर्म दिला की गप्प बसतील. पण आचेने तक्रार केली होती ती लुटीची आणि जुलमाची. मागणी इन्साफाची आणि उत्तर मजहबाचे, असा हा प्रकार झाला. बंड शमले नाही. आम्हाला हा या इतिहासातला सर्वांत मोठा धडा वाटतो. मुसलमानांचा प्रत्येक प्रश्न धर्माचाच असतो, अशी समजूत मुसलमान राज्यकर्त्यांचीही असू शकते.

जिनेव्हाच्या आंरी द्युनां केंद्राने मध्यस्थी केली. मे २००० मध्ये 'मानवतावादी विराम' आणि ९ डिसेंबर २००२ रोजी युद्धबंदीचा करार झाला. दोन्ही टिकले नाहीत, कारण गोळीबार थांबवायचे ठरले तरी मूळ वाद तसाच राहिला. मे २००३ मध्ये टोकियोतली बोलणी फिसकटली आणि लगोलग आचेत लष्करी कायदा लागू झाला.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आचेतली दीड लाखाहून अधिक माणसे गेली. त्सुनामीने समझोता घडवला असे अनेकदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच लाटेने श्रीलंकेलाही झोडपले. तिथे नॉर्वेची मध्यस्थी आधीपासून होती, तरी २००९ पर्यंत युद्ध चालूच राहिले. आचेत उपराष्ट्राध्यक्ष युसूफ कल्ला यांचे लोक त्सुनामीच्या आधीच चळवळीशी संपर्क साधू पाहत होते. लाटेने घाई निर्माण केली, वाट आधीच शोधली जात होती.

जानेवारी २००५ मध्ये हेलसिंकीत बोलणी सुरू झाली. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. पूर्व तिमोर गमावलेल्या जकार्ताला परक्या सरकारांची धास्ती होती, पण हे एका खाजगी संस्थेच्या वतीने बसले होते. त्यांनी दोन गोष्टी आरंभीच बजावल्या. स्वातंत्र्य हा चर्चेचा विषय नाही, आणि सर्व मुद्दे ठरल्याशिवाय एकही मुद्दा ठरला असे मानायचे नाही. चळवळीने 'स्वातंत्र्य' सोडून 'स्वशासन' म्हटले. सरकारने आचेत स्थानिक पक्षांना परवानगी दिली, जी देशात इतरत्र नव्हती. नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, कैद्यांना माफी, ८४० हत्यारे जमा करणे, बाहेरून आणलेल्या फौजा मागे घेणे, आणि या सर्वांवर युरोपीय संघ व पाच आसियान देशांची देखरेख, असे ठरले. वर्ष संपण्याआधी हत्यारे कापून टाकली गेली.

इथे आम्हाला हुदैबियाचा तह आठवतो. त्या तहनाम्यातून 'रसूलुल्लाह' हा शब्द काढायला हजरत पैगंबर (स.) राजी झाले. सोबत्यांना ते जड गेले, पण त्यातूनच पुढचा मार्ग उघडला. तुलना करायची नाही. एवढेच म्हणायचे की शब्द सोडणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

डिसेंबर २००६ मध्ये चळवळीतले इरवांदी युसूफ गव्हर्नर निवडून आले. त्सुनामी आली तेव्हा ते तुरुंगात होते. हसन दि तिरो २००८ मध्ये मायदेशी आले आणि जून २०१० मध्ये, नागरिकत्व परत मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी, वारले. अरुणचा वायू मात्र आटत गेला, २०१४ मध्ये निर्यात थांबली. ज्या वाट्यासाठी रक्त सांडले, तो हाती येईपर्यंत ताट बरेचसे रिकामे झाले होते.

आणि एक कलम मागे पडले. समझोत्यात सत्यशोधन व समेट आयोगाचे वचन होते. आचेने त्यासाठी कायदा केला २०१३ मध्ये, आयोगाचे सदस्य नेमले गेले २०१६ मध्ये. बंदूकवाल्यांना माफी महिन्याभरात मिळाली. ज्या बायांचे नवरे आणि मुले रात्री घरातून नेली गेली, त्यांना नुसते ऐकून घेणारे कोणी मिळायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. अमन आचेत आला, तो टिकलाही, आणि ही लहान गोष्ट नाही. पण परके मध्यस्थ फार तर अमनापर्यंत आणून सोडतात. इन्साफ करायचा तो आपल्याच माणसांनी, आपल्याच माणसांचा.