कॅनिस्टर फिल्टर

कॅनिस्टर फिल्टर : घरगुती मत्स्यपेटीतले पाणी पेटीबाहेर ठेवलेल्या बंद डब्यातून फिरवून स्वच्छ करणारे विजेवरचे उपकरण. हा डबा सहसा टँकखालच्या कपाटात उभा असतो आणि दोन नळ्यांनी टँकशी जोडलेला असतो. एका नळीतून पाणी खाली उतरते, दुसरीतून वर जाते. मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला नुसते ‘कॅनिस्टर’ म्हणतात. एअरपंपावर चालणारा स्पंज फिल्टर, काचेच्या कडेला टांगायचा हँग-ऑन आणि टँकच्या वर बसणारा टॉप फिल्टर हे त्याच कामाचे स्वस्त प्रकार. त्यांच्यापेक्षा कॅनिस्टरमध्ये मीडिया, म्हणजे मळ अडवणारे आणि जिवाणूंना थारा देणारे साहित्य, कितीतरी जास्त मावते. मात्र डबा बंद असल्यामुळे आत काय साचले आहे ते दिसत नाही. या उपकरणाबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ तिथे आहे.

हा प्रकार घराघरांत पोहोचवण्यात जर्मनीतल्या एहाइम कंपनीचा वाटा मोठा आहे. गुंथर एहाइम यांनी ती १९४९ मध्ये सुरू केली आणि १९६० च्या दशकात तिचे टँकबाहेरचे फिल्टर बाजारात आले. तिच्या ‘क्लासिक’ मालिकेतला २२१३ हा हिरव्या नळ्यांचा साधा गोल डबा अजूनही विकला जातो. या नोंदीत उदाहरणासाठी तोच घेतला आहे. कॅनडातल्या हेगन कंपनीचे फ्लुव्हल, जर्मनीचेच ओआझे आणि चिनी बनावटीचे सनसन ही भारतातल्या छंदिष्टांना माहीत असलेली इतर नावे.

रचना : डब्याच्या वरच्या भागात पंप असतो. चुंबकावर बसवलेली छोटी पाती, म्हणजे इम्पेलर, एका बारीक दांडीवर फिरते. मोटारीचे वेटोळे प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद केलेले असते, त्यामुळे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पंप टँकमधले पाणी ओढून घेतो, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पाणी सायफनने आपोआप डब्यात उतरते आणि पंप ते फक्त वर ढकलतो. म्हणून डबा टँकमधल्या पाण्याच्या पातळीखाली असावा लागतो, आणि सुरू करण्याआधी नळी व डबा पाण्याने भरून आतली हवा काढावी लागते. याला ‘प्राइम करणे’ म्हणतात. डबा आणि झाकण यांच्यामध्ये रबराचे गोल कडे असते, ती ओ-रिंग. नळ्यांच्या तोंडाशी बंद करता येणारे कॉक असतात. वर जाणारे पाणी भोके पाडलेल्या आडव्या नळीतून, म्हणजे स्प्रे बारमधून, टँकमध्ये पडते. वनस्पतींच्या टँकमध्ये तिच्या जागी अनेकदा काचेची लिली पाइप लावतात.

२२१३ मध्ये पाणी तळाशी आत शिरते आणि मीडियामधून वर चढते. इतर अनेक डब्यांत ते कडेच्या पोकळीतून आधी खाली जाते आणि मग टोपल्यांमधून वर येते. मार्ग कसाही असो, पाण्याला आधी जाड छिद्रांचा थर, मग सिरॅमिक रिंग किंवा तत्सम सच्छिद्र साहित्य आणि सर्वांत शेवटी बारीक पांढरा फ्लॉस भेटला पाहिजे. हा क्रम उलटा लागला तर फ्लॉस काही दिवसांतच चोंदतो आणि प्रवाह मंदावतो. नवा डबा घेतल्यावर टोपल्या भरण्याआधी आतल्या पाण्याची वाट समजून घ्यावी.

जिवाणूंचे काम : पाणी काचेसारखे नितळ दिसणे हा फिल्टरचा दुय्यम लाभ आहे. खरे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात मिसळतो. उरलेले खाद्य आणि सडलेली पाने त्यात भर घालतात. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अगदी अल्प प्रमाणातही माशांना घातक असतात, तर नायट्रेट बरेच सुसह्य असते. अमोनियाची बाधा पाण्याचा पीएच आणि तापमान वाढते तशी वाढते, म्हणून अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात अधिक जपावे लागते. नायट्राइटपासून नायट्रेट करणारा जिवाणू नायट्रोबॅक्टर होय, असे जुन्या पुस्तकांत सापडते. टिमथी होव्हानेक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, रिंगा, वाळू, काच यांच्यावर पातळ चिकट थर करून राहतात आणि सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वसाहत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. छंदिष्ट याला ‘टँक सायकल होणे’ म्हणतात. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो आणि तो त्यांना डब्यातून वाहणाऱ्या पाण्यातूनच मिळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. विदर्भातल्या मे महिन्यात माशांना आणि जिवाणूंना मिळून एवढ्यावरच भागवावे लागते. त्या दिवसांत स्प्रे बार पाण्याच्या पातळीशी आणून पृष्ठभाग हलता ठेवावा, किंवा जोडीला एअरपंप लावावा.

निवड : दुकानात फिल्टर विकला जातो तो ताशी किती लिटर या आकड्यावर. हा आकडा रिकाम्या डब्याचा आणि अनुकूल स्थितीतला असतो. मीडिया भरला, नळी लांबली, पाणी मीटरभर वर चढवावे लागले, की प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. थोडा मळ साचल्यावर तो आणखी उतरतो. म्हणून आधी टँकचे पाणी मोजावे. आपल्याकडे टँक फुटांत सांगतात. तीन बाय दीड बाय दीड फुटांच्या टँकचे घनफळ पावणेसात घनफूट, म्हणजे साधारण १९० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी १६० लिटरच्या आसपास राहते.

टँकचे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरले पाहिजे, असा ढोबळ हिशेब सगळीकडे सांगितला जातो. तो आंधळेपणाने लावू नये. २२१३ चा कंपनीने दिलेला प्रवाह ताशी ४४० लिटर आहे आणि तीच कंपनी तो २५० लिटरपर्यंतच्या टँकसाठी सुचवते, म्हणजे तासाला दोन फेऱ्याही नाहीत. थोडे टेट्रा आणि भरपूर वनस्पती असलेल्या टँकमध्ये हा डबा वर्षानुवर्षे उत्तम चालतो. त्याच १६० लिटरमध्ये चार मोठे गोल्डफिश असतील तर तो अपुरा पडतो, कारण गोल्डफिश खातात खूप आणि घाणही तितकीच करतात. ऑस्कर आणि इतर मोठ्या सिक्लिडांचेही तसेच. उलट बेटा आणि एंजल यांना जोराचा प्रवाह सोसत नाही. त्यांच्यासाठी मोठा पंप घेतला तर मासे कोपऱ्यात दडून बसतात. म्हणून डबा निवडताना आधी त्यात मीडिया किती लिटर मावतो हे पाहावे आणि मग प्रवाहाकडे वळावे. २२१३ मध्ये तो सुमारे तीन लिटर मावतो. मोठा डबा घेऊन कॉकने प्रवाह थोडा कमी ठेवता येतो. तसे करायचे तर परतीच्या नळीचा कॉक वळवावा, आत येणाऱ्या नळीचा नाही. छोट्या डब्यात मात्र जागा वाढवता येत नाही.

महागड्या मीडियाबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे, की घरगुती टँकसाठी साधा जाड स्पंज पुरेसा चांगला असतो. सूक्ष्म छिद्रांच्या गोळ्या किंवा रिंगांचे पृष्ठफळ जाहिरातीत अफाट दिसते, पण ती छिद्रे जिवाणूंच्या चिकट थराने लवकर झाकली जातात आणि खोलवर प्राणवायू पोहोचत नाही. जांभ्या-विटांचे तुकडे, सच्छिद्र ज्वालामुखी दगड किंवा भाजलेल्या मातीच्या खापऱ्या धुऊन वापरणारेही अनेक आहेत आणि त्यांचे टँक व्यवस्थित चालतात. कोळशाची, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची, रोज गरज नसते. औषधोपचार संपल्यावर पाण्यातले उरलेले औषध किंवा लाकडाचा तपकिरी रंग काढायला तो ठरावीक दिवस ठेवावा व मग फेकावा. औषध चालू असताना तो ठेवल्यास औषधच शोषले जाते.

खरेदीपूर्वी एक चौकशी अवश्य करावी : ओ-रिंग, इम्पेलर आणि कॉक सुटे मिळतात का? या तीन वस्तू मिळत नसतील तर स्वस्तातला डबा दोन-तीन वर्षांत भंगारात जातो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून फिल्टर मागवण्याचा मोह टाळावा. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, हर्ट्झ बदलत नाहीत. या मोटारीची गती हर्ट्झवर ठरत असल्याने तो पंप येथे सुमारे एकषष्ठांश हळू फिरतो. वीजखर्च तसा किरकोळ असतो. २२१३ आठ वॉटचा आहे, म्हणजे अहोरात्र चालून महिन्याला सहा युनिटांच्या आत.

जोडणी : डबा सपाट जागी ठेवावा आणि नळ्या गरजेपुरत्या कापून घ्याव्यात. वळण जिथे दुमडते तिथे प्रवाह अडतो. विजेची तार प्लगपासून थेट खाली न सोडता तिला झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब प्लगपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळतो. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर स्पंजाची टोपी बसवावी. ती नसल्यास गप्पीची पिल्ले आणि झिंगे डब्यात ओढले जातात. सुरुवातीचे एक-दोन दिवस डब्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे. कागद ओला झाला, की गळती लगेच कळते.

देखभाल : डब्यात अडकलेला मळ टँकबाहेर गेलेला नसतो. पाणी दर तासाला त्याच मळातून फिरत असते आणि तो कुजून पुन्हा अमोनिया व नायट्रेट तयार करत असतो. त्यामुळे ‘कॅनिस्टर आहे, सहा महिने बघायला नको’ हा सल्ला चुकीचा आहे. फ्लॉस दोन ते चार आठवड्यांनी बदलावा आणि स्पंज महिना-दोन महिन्यांनी पिळावा. नेमका दिवस प्रवाहावरून ठरवावा. नवीन जोडणीच्या वेळी परतीच्या नळीखाली एक लिटरचे माप धरून ते किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवावे. नऊ सेकंद लागले तर प्रवाह ताशी ४०० लिटर. पुढे तेच माप भरायला तेरा-चौदा सेकंद लागू लागले, की डबा उघडायची वेळ झाली.

प्लग काढावा, दोन्ही कॉक बंद करावेत, डबा मोरीत न्यावा. टँकमधून काढलेले पाणी बादलीत घेऊन त्यातच स्पंज पिळावा. रिंगा फक्त बुचकळून घ्याव्यात, त्या चमकवायच्या नसतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन ते पाणी माणसाला निर्धोक करण्यासाठी जिवाणू मारतो आणि इथे जिवाणूच तर जपायचे असतात. एका वेळी सगळ्या टोपल्या धुऊ नयेत. त्याच दिवशी टँकची वाळूही खोलवर ढवळू नये. फिल्टर घासूनपुसून नव्यासारखा केल्यावर दोन-तीन दिवसांनी मासे दगावले, असे अनेकांच्या बाबतीत घडते. त्यात दोष बहुधा पाण्याचा नसून हरवलेल्या वसाहतीचा असतो.

इम्पेलर दर खेपेस बाहेर काढावा व त्याची खोबण बारीक ब्रशने साफ करावी. सिरॅमिकची दांडी हातातून पडली तर तुटते. बोअरच्या जड पाण्याने पातीवर पांढरे क्षार बसतात. ते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून, नंतर नीट धुऊन काढावेत. ओ-रिंग पुसून तिच्यात वाळूचा कण नाही याची खात्री करावी आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नये. नळ्यांच्या आतला तपकिरी चिकटा दर तीन-चार महिन्यांनी लांब ब्रशने काढावा. पुन्हा सुरू करताना डब्यात आधी पाणी भरावे, कॉक उघडून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी, मगच प्लग लावावा. सुरुवातीचा खडखडाट हवेचा असतो आणि डबा थोडा कलता केल्यावर थांबतो. तो दिवसभर चालूच राहिला तर दांडी झिजली असे समजावे. गावाला जायच्या आदल्या दिवशी फिल्टर उघडू नये. नीट न बसलेली ओ-रिंग पहिल्या काही तासांत गळते, तेव्हा घरी कुणीतरी असावे. साफसफाई आठवडाभर आधी उरकावी.

नायट्रेट मात्र यातले काहीही काढत नाही. त्यासाठी आठवड्याला साधारण चतुर्थांश पाणी बदलावे लागते. नवे पाणी क्लोरीनमुक्त करून, म्हणजे हायपो किंवा अँटिक्लोरीन घालून, टाकावे.

वीज गेल्यावर : भारनियमनाच्या गावांत आणि पावसाळ्यात तारा तुटणाऱ्या कोकणात हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. प्रवाह थांबला, की बंद डब्यातले जिवाणू उरलेला प्राणवायू लवकर संपवतात. अर्ध्या-एक तासाच्या खंडाने बिघडत नाही. अनेक तास गेले, तर आतला मळ सडू लागतो आणि डब्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वीज आल्याबरोबर ते पाणी थेट टँकमध्ये शिरते. रात्रभर वीज गेली असेल तर प्लग काढून ठेवावा, सकाळी डब्यातले पाणी मोरीत ओतावे, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून घ्यावा आणि मगच पंप सुरू करावा. वीज लवकर येण्याची चिन्हे नसतील तर टोपल्या काढून टँकच्याच पाण्यात सोडाव्यात, म्हणजे जिवाणू तग धरतात. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही पंप घरघरतात व तापतात, त्यामुळे साइन वेव्ह इन्व्हर्टर बरा. बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप आणि टँकमध्ये कायम चालू ठेवलेला एक साधा स्पंज फिल्टर हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. मुरलेला स्पंज फिल्टर दुसऱ्या टँकमध्ये ठेवला, तर तो टँक सायकल व्हायला लागणारे आठवडेही वाचतात. फक्त ज्या टँकमधून तो घ्यायचा, त्यात रोगराई नसावी.