मोटारीचें तेल : खनिज कीं सिंथेटिक?

बैलगाडीच्या चाकांना वंगण घातलें नाहीं तर गाडी कुरकुरते आणि आंस झिजत जातो, हें खेड्यांतील लहान मूलहि जाणतें. मोटारीचें इंजिन मात्र अशी आगाऊ सूचना सहसा देत नाहीं. त्याच्या पोटांतील तेल निकामी झालें तरी तें कांहीं काळ मुकाट्यानें चालत राहतें. आणि जेव्हां तें बोलूं लागतें तेव्हां दुरुस्तीचा खर्च पुष्कळदां मालकाच्या आटोक्याबाहेर गेलेला असतो. म्हणून वर्षांतून एकदां-दोनदां करावयाची तेलाची खरेदी वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. दुकानांत दोन डबे शेजारीं शेजारीं मांडलेले असतात. एक साध्या खनिज तेलाचा. दुसरा सिंथेटिक, म्हणजे संश्लेषित तेलाचा, आणि त्याची किंमत पहिल्यापेक्षां पुष्कळच अधिक. महाग तेंच चांगलें, असें एक गृहस्थ म्हणतो. तेल तें तेलच, असें दुसरा. दोन्ही मतें अपुरीं आहेत. तीं अपुरीं कां, हें या तेलांचा इतिहास पाहिल्यानें चांगलें कळतें.

इंजिनांतील तेलाचें पहिलें काम म्हणजे धातूला धातूचा स्पर्श होऊं न देणें. पिस्टन आणि सिलिंडर, दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर टिकला तरच इंजिन टिकतें. शिवाय तेलानें उष्णता वाहून न्यावयाची, काजळी धरून ठेवावयाची व गंज येऊं द्यावयाचा नाहीं. यांत खरी अडचण अशी कीं, कोणतेंहि तेल थंडींत दाट होतें व उष्णतेनें पातळ होतें. सकाळीं गाडी सुरू करतांना तें पाण्यासारखें चटकन् सर्वत्र पोंचावें आणि भर दुपारीं तापलेल्या इंजिनांत तें मधासारखें टिकून राहावें, अशा परस्परविरोधी दोन अपेक्षा एकाच तेलाकडून करावयाच्या असतात. वंगणाच्या शास्त्राची शंभर-दीडशें वर्षांची वाटचाल म्हणजे या दोन अपेक्षांचा मेळ घालण्याचा प्रयत्न होय.

वाफेच्या यंत्रांना आरंभीं जनावरांची चरबी आणि वनस्पतींचीं तेलें घालीत. वाफेच्या तीव्र उष्णतेनें हीं वंगणें विघटित होत, त्यांतून आम्लें निघत व धातू खाल्ला जाई. १८५९ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यानें खणलेल्या विहिरीला तेल लागलें आणि खनिज तेलाचा व्यापार सुरू झाला. पुढें जॉन एलिस नांवाचा एक डॉक्टर या कच्च्या तेलाचे औषधी गुण तपासीत असतां त्याला त्यांत औषधापेक्षां वंगणाचा गुण अधिक आढळला. १८६६ मध्यें त्यानें न्यूयॉर्क राज्यांत तेलशुद्धीची कंपनी काढली. वाफेच्या यंत्रांतील व्हॉल्व्हना हें तेल मानवलें, आणि त्यावरूनच पुढें त्याला 'व्हॉल्व्होलिन' हें नांव मिळालें.

खनिज तेल आलें म्हणून वनस्पतींचीं तेलें लगेच हद्दपार झालीं नाहींत. आपल्याकडे गाडीच्या आंसाला घातलें जाणारें एरंडेल युरोपांत मोटारींच्या आणि विमानांच्या इंजिनांत जाऊन बसलें. चार्ल्स वेकफील्ड याच्या लंडनच्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेलें एक तेल काढलें व त्याला 'कॅस्ट्रॉल' असें नांव दिलें. तें नांव एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नांवावरूनच घडलें आहे. पहिल्या महायुद्धांतील फिरत्या सिलिंडरांच्या विमानइंजिनांत शुद्ध एरंडेल वापरीत. कारण तें पेट्रोलमध्यें सहज विरघळत नाहीं. परंतु एरंडेल तापून हवेशीं मिळालें कीं त्याचा चिकट राळेसारखा थर बसतो, आणि इंजिन पुनःपुन्हां खोलून साफ करावें लागतें. शर्यतीच्या गाडीला हें चालतें. रोज कचेरीला जाणाऱ्या गाडीला तें परवडणारें नव्हे. त्यामुळें घरगुती मोटारींत खनिज तेलच रूढ झालें.

यापुढची पायरी मोजमापाची. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं तेलांची दाटपणावरून प्रतवारी ठरविली. तिच्याच सुधारलेल्या रूपाचे आंकडे आजहि डब्यांवर असतात. १९२९ मध्यें डीन आणि डेव्हिस या दोघांनीं आणखी एक मोजपट्टी दिली. तापमान बदललें असतां तेलाचा दाटपणा किती कमी-अधिक होतो हें तिच्यावरून कळतें. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तम तेलाला त्यांनीं १०० गुण दिले, व मेक्सिकोच्या आखातालगतच्या तेलाला शून्य. जमिनींतून निघणारीं सर्व तेलें सारखीं नसतात, हें त्यामुळें आंकड्यांत मांडतां आलें. मग साहजिकच असा विचार पुढें आला, कीं निसर्गानें दिलेल्या सरमिसळ तेलाची निवडपांखड करीत बसण्यापेक्षां हवे तसे एकसारखे रेणूच प्रयोगशाळेंत कां जुळवूं नयेत?

त्याच सुमारास अमेरिकेंतील स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीनें असें संश्लेषित तेल तयार केलेंहि होतें. पण खनिज तेल स्वस्त होतें व त्यानें काम भागत होतें; नव्या तेलाला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. गिऱ्हाईक मिळालें तें युद्धांत. जर्मनीजवळ खनिज तेलाचा तुटवडा होता. शिवाय १९४१-४२ च्या हिंवाळ्यांत रशियाच्या आघाडीवर इंजिनांतील तेल गोठल्यासारखें होऊन जर्मन वाहनें जागच्या जागीं अडकलीं. आय. जी. फार्बेन या कंपनींतील हेर्मान झोर्न या रसायनज्ञाच्या नेतृत्वाखालीं त्या काळांत साडेतीन हजारांहून अधिक एस्टर तयार करून तपासले गेले. युद्धानंतर जेट विमानें रूढ झालीं. त्यांच्या इंजिनांतील उष्णता खनिज तेलाला सोसेना, म्हणून तेथेंहि एस्टरांचीं तेलें घेणें भाग पडलें. सिंथेटिक तेलाचा जन्म अशा रीतीनें अतिशीत आणि अतिउष्ण या दोन टोंकांच्या गरजेंतून झाला.

तेथून तें सामान्य माणसाच्या गाडींत आलें १९७० नंतरच्या दशकांत. मिनेसोटांतील जेट विमानांच्या एका तुकडीचा प्रमुख अल्बर्ट अमाटुझिओ यानें जेट इंजिनांतील तेलाचा गुण मोटारींतहि उतरविण्याचें मनावर घेतलें, आणि १९७२ मध्यें त्याच्या 'ॲम्सॉइल' या तेलाला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कसोटीची मान्यता मिळाली. १९७४ मध्यें 'मोबिल १' बाजारांत आलें. १९७३ च्या तेलसंकटानें पेट्रोल महागलें होतें, तेव्हां इंजिनांतील घर्षण कमी करून पेट्रोल वांचविणाऱ्या तेलाकडे लोकांचें लक्ष जाणें स्वाभाविक होतें. तथापि किंमत जबर असल्यामुळें प्रसार सावकाशच झाला.

पुढें एक चमत्कारिक वाद उपस्थित झाला. शुद्धीकरणाची कला इतकी पुढें गेली कीं, खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून त्याचे रेणू जवळजवळ नव्यानें घडवितां येऊं लागले. कॅस्ट्रॉलनें असें तेल 'सिंथेटिक' म्हणून विकण्यास आरंभ केला. मोबिलनें हरकत घेतली. तिचें म्हणणें असें कीं, सिंथेटिक हें नांव लहान रेणूंपासून बांधलेल्या तेलालाच शोभतें. अमेरिकेंतील जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या संस्थेनें १९९९ मध्यें कॅस्ट्रॉलच्या बाजूनें मत दिलें. तेव्हांपासून पुष्कळ देशांत डब्यावरील 'सिंथेटिक' हा शब्द तेलाचें मूळ सांगतोच असें नाहीं. जमिनींतून निघालेल्या तेलाचें अतिशुद्ध रूपहि त्याच नांवानें विकलें जातें. म्हणून केवळ त्या एका शब्दासाठीं जादा पैसे मोजणें शहाणपणाचें ठरत नाहीं.

मग गृहस्थानें पाहावें काय? डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे आंकडे असतात. 'डब्ल्यू' हें अक्षर हिंवाळ्याचें द्योतक आहे. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत अधिक प्रवाही. नंतरचा आंकडा तापलेल्या इंजिनांतील दाटपणा दाखवितो. यांशिवाय तेलाच्या गुणवत्तेचा दर्जा सांगणारीं अक्षरें असतात. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेंत हे दोन्ही तपशील दिलेले असतात, आणि तोच खरा निर्णय होय. पुस्तिकेनें '०डब्ल्यू-२०' सांगितलें असेल तर प्रश्नच उरत नाहीं. कारण उणें ३५ अंश सेल्सिअसला कस लागणारें इतकें पातळ तेल साध्या खनिज तेलापासून बनविणें व्यवहारांत शक्य नाहीं. टर्बो-इंजिनाच्या गाडीलाहि उच्च दर्जाचेंच तेल हवें. तेथें काटकसर अंगाशीं येते. उलटपक्षीं जुन्या, साध्या इंजिनाच्या गाडीला पुस्तिकेची संमति असेल आणि तेल वेळेवर बदललें जात असेल, तर खनिज तेलानेंहि तिचें आयुष्य सुखानें जातें. महाराष्ट्रांत रशियाची थंडी नाहीं. पण शहरांतील गर्दींत ताटकळत तापणारीं इंजिनें आहेत, आणि सिंथेटिक तेल उष्णतेनें लौकर बिघडत नाहीं हा गुण तेथें उपयोगी पडतो.

कांहीं समजुतीहि दूर झाल्या पाहिजेत. एकदां सिंथेटिक वापरलें कीं पुन्हां खनिज तेलाकडे वळतां येत नाहीं, हें खरें नव्हे. योग्य दर्जाचीं आजचीं तेलें प्रसंगीं एकमेकांत मिसळलीं तरी इंजिन बिघडत नाहीं. परंतु सिंथेटिक घातलें म्हणून पुस्तिकेंतील मुदतीपेक्षां अधिक काळ तें चालवावें, ही समजूत मात्र महागांत पडते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जात असेल तर तेल पुरतें तापत नाहीं. त्यांतील पाण्याचा अंश व कच्चें पेट्रोल उडून जात नाहीं. अशा गाडीचें तेल किलोमीटर थोडे झाले असले तरी महिन्यांच्या हिशेबानें बदलावें लागतें. बैलगाडी हांकणारा शेतकरी वंगणाच्या नांवाची चौकशी करीत नसे. आंस कोरडा पडण्यापूर्वीं तें घालावयाचें, एवढें तो कधीं विसरत नसे. मोटारीच्या मालकानेंहि पुस्तिकेंतील आंकडे पाहून तेल घ्यावें आणि तें बदलण्याची तारीख घरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. इंजिनाचें रक्षण त्यानेंच होईल.