ग्राहक किंमत निर्देशांक : औरंगाबाद केंद्र

एखाद्या विशिष्ट वर्गातील कुटुंब ज्या वस्तू व सेवा ज्या प्रमाणात नित्य घेते, त्यांची यादी कायम धरून, तीच खरेदी चालू महिन्याच्या किरकोळ भावांनी करावयाची झाल्यास आधारवर्षीच्या शंभर रुपयांच्या जागी किती रुपये लागतील हे सांगणारा अंक म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. आणि वर्षभराच्या अंतराने त्यात पडलेली शेकडा वाढ म्हणजे व्यवहारात ज्यास भाववाढीचा दर म्हणतात तो. पूर्वी यास राहणी-खर्चाचा निर्देशांक म्हणत. परंतु राहणी सुधारल्याने वा खालावल्याने खर्चात पडणारा फरक हा अंक जाणूनबुजून वगळीत असल्याने ते नाव मागे पडले.

बाजारभावांवर सरकारी नजर ही काही नवी गोष्ट नव्हे. मोगल व मराठी अमदानीत बाजाराचा निरख पाहणे हे शहरकोतवालाच्या कामांपैकीच एक असे. मात्र निरख हा हुकूम होता, निर्देशांक ही नोंद आहे; शिवाय निरखात प्रत्येक जिन्नस आपापल्या जागी सुटा राही, त्याचा घरखर्चात वाटा किती हा प्रश्न तेथे उद्भवत नसे. तो प्रश्न आपल्याकडे प्रथम पद्धतशीरपणे विचारला तो मुंबईच्या लेबर ऑफिसने. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये तेथील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली, आणि जुलै १९१४ = १०० हा पाया धरून मुंबईचा अंक 'लेबर गॅझेट'मध्ये येऊ लागला.

औरंगाबादची परंपरा निराळी. शहर निजामाच्या मुलखात असल्याने येथील जुन्या मालिकेचा पाया ऑगस्ट १९४३ ते जुलै १९४४ असा होता. म्हणजे महायुद्धाच्या टंचाईने भाव आधीच चढलेले असताना त्या चढलेल्या भावांनाच शंभर मानले गेले. मुंबईची त्या काळची मालिका १९३३-३४ च्या मंदीतील पडलेल्या भावांवर उभी होती. परिणामी दोन्ही शहरांत ज्वारी एकाच भावाने विकली गेली तरी मुंबईचा आकडा फुगलेला आणि औरंगाबादचा बेताचा दिसावा, हे ओघानेच आले. तेव्हा असे दोन आकडे शेजारी ठेवून महागाई कोठे अधिक हे ठरविणे व्यर्थ. त्यात पुन्हा नाण्याचा घोळ होता. येथील व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात चाले, आणि सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी मुलखातील सुमारे सहा कलदार. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर १९६१ = १०० हा नवा पाया घेण्यात आला. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व सोलापूर ही केंद्रे केंद्र सरकारच्या श्रमकार्यालयाकडे, तर औरंगाबाद, नांदेड, जळगाव, कोल्हापूर व अकोला ही राज्याकडे, अशी कामाची वाटणी राहिली. (शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, जुन्या दप्तरात केंद्राचे नाव अर्थातच औरंगाबाद असे सापडते.)

पाया बदलला की जुन्या व नव्या अंकांना सांधणारा गुणक लागतो, आणि हा गुणक वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. महागाई भत्ता अंकाला जोडलेला असल्याने दशांश चिन्हापुढील आकडाही हजारो पगारपत्रकांत उतरतो. मुंबईचा जुना अंक भाववाढ कमी दाखवितो या गिरणी कामगारांच्या तक्रारीवरून १९६३ मध्ये राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि समितीने ती तक्रार साधार ठरविली. १९६० च्या पायावरील अंकास ४.४४ ने गुणून जुना अंक काढण्याची रीत त्यानंतर मुंबईत रूढ झाली.

औद्योगिक कामगारांसाठी काढलेल्या या केंद्रवार अंकांहून राष्ट्रीय निर्देशांक वेगळा. तो सर्व लोकसंख्येसाठी, ग्रामीण, नागरी व संयुक्त असा तिहेरी काढतात. २०१२ च्या पायावरील मालिकेत खाद्यपेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८ व नागरी भागात ३६.२९ होता, म्हणजे अन्न दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे स्थिर राहिले, तर आधारवर्षाच्या हिशेबाने खेड्याचा अंक सुमारे साडेपाचांनी व शहराचा साडेतीनांहून थोडा अधिक चढे. घरभाड्याचे त्या मालिकेत याच्या उलट : नागरी भार २१.६७, ग्रामीण मुळीच नव्हता. फुलंब्री वा गंगापूरकडील खेड्यातून वाळूजच्या कारखान्यात आलेला आणि बजाजनगरात खोली घेऊन राहिलेला कामगार अशा रीतीने एका निर्देशांकातून उठून दुसऱ्यात जाऊन बसतो. त्याच्या या स्थलांतराने वाढलेला खर्च मात्र दोहोंपैकी एकातही उमटत नाही, कारण भाव बदललेला नसतो, बदललेला असतो तो माणसाचा पत्ता. राष्ट्रीय मालिकेचे आकडे राज्यपातळीपर्यंतच प्रसिद्ध होत असल्याने या शहराची स्वतंत्र भाववाढ तीत शोधू जाता हाती लागत नाही. त्यासाठी औद्योगिक कामगारांच्या केंद्रवार अंकांकडेच वळावे लागते.

प्रत्यक्ष नोंदीचे काम चिकाटीचे असते. ठरलेले दुकान, ठरलेला प्रकार, ठरलेले माप यांत फरक पडू न देता भाव विचारावा लागतो. दुकान बंद पडले वा तो प्रकार बाजारातून नाहीसा झाला, तर बदली दुकान वा बदली जिन्नस निवडावा लागतो, आणि गुणवत्तेतील फरक किंमतवाढ म्हणून मोजला जाणार नाही अशी खबरदारी घ्यावी लागते. भाडे महिन्यागणिक हलत नसल्याने ते सहा महिन्यांनी विचारतात.