वटाव, कडता आणि निव्वळ रक्कम

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो आणि पाडव्याला नवी वही उघडतो. जमा आणि नावे हे वहीचे दोन हात सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण सौद्याचा खरा निकाल लागतो तो वटावात. वटाव म्हणजे ठरलेल्या रकमेतून सोडून द्यावयाचा भाग. हुंडी मुदतीआधी वटविली तर वटाव कापला जाई, आणि झिजलेले नाणे घेताना सराफ बट्टा लावी. घराण्याच्या नावाला लागणारा ‘बट्टा’ हा त्या सराफाच्या पेढीवरूनच आपल्या बोलीत आला!

गिऱ्हाइकाला वटाव मिळाला की आपण त्याला सूट म्हणतो. शेतकऱ्याची गोष्ट मात्र उलटी. तो विकणारा, म्हणून त्याच्या पदरी येते ती काट.

मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचे मोताळा हे वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातले गाव. १८६० नंतरच्या दशकात मलकापुरावरून आगगाडी धावू लागली. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वेफाटा सुरू झाला. या मुलखातला कापूस मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोहोचला. बाजार मोठे झाले, तशा काटही वाढल्या : अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता.

यांतला कडता सर्वांत गोड बोलणारा. तो पैशाला हात लावीत नाही, वजनातून घेतो. समजा, ४० रुपये मणाने २० मण कापूस विकला. रक्कम झाली ८०० रुपये. मणामागे अर्धा शेर कडता धरला, तर २० मणांत १० शेर गेले. ४० शेरांचा मण, म्हणजे हा पाव मण, किंमत १० रुपये. उरले ७९०. त्यावर शेकडा सव्वा रुपया अडत धरली तर ९ रुपये १४ आणे होते आणि निव्वळ हाती येतात ७८० रुपये २ आणे. पण अडत्याने अडत ७९० वर न धरता मूळच्या ८०० वर धरली, तर ती पुरे १० रुपये होते. दोन आणे गेले! दर तोच, फरक फक्त ‘कशावर’ एवढ्या एका शब्दाचा. हजारो गाड्यांच्या हंगामात असे दोन आणे लहान राहत नाहीत.

काट मुळातच वाईट, असे मात्र नव्हे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ काढला, आणि त्याच्या खर्चासाठी बाजारातील मालावरचे देणे लावून दिले. गणिताची शाळा बाजाराच्या काटीवर चालली. पण ती काट दगडावर कोरलेली होती, ज्याला हवे त्याने वाचावी.

वऱ्हाडातल्या पुढच्या लढ्याचे मर्मही हेच. १८८६ साली कारंज्याचा कापूसबाजार नियमांखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शाही शेती आयोगाने या पद्धतीची दखल घेतली, पण बाजाराच्या कारभारात शेतकऱ्याला स्थान नाही हा तिचा दोषही दाखविला. शेजारच्या मुंबई इलाख्याने १९२७ च्या कापूसबाजार कायद्यात ते स्थान दिले होते. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ साली साऱ्या राज्यासाठी बाजार समित्यांचा एकच कायदा आला. या साऱ्यांचा रोख एकच : काट कोणती, किती आणि कोणी द्यायची, हे उघड लिहिलेले असावे.

१९५७ साली दशमान नाणी आली, आणे-पै हळूहळू गेले. ‘कशावर’ हा प्रश्न गेला नाही. दिवाळीच्या दुकानात ‘२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के’ अशी पाटी दिसली की घरातल्या मुलाला हिशेब घालावा. तो चटकन ३० म्हणेल. पण १०० चे ८० झाले, आणि पुढची सूट त्या ८० वर, म्हणजे ८ रुपये. निव्वळ किंमत ७२, एकूण सूट २८. एवढे उमजलेले पोर उद्या काट्यासमोर उभे राहिले, तर पावती वाचल्याशिवाय पैसे खिशात घालणार नाही.