मीझान: मागापासून मशीनपर्यंत

अहमदनगर 1490 साली वसले. या शहरात आणि शेजारच्या भिंगारात कोष्टी, साळी, पद्मशाली आणि आमच्या मोमीन बिरादरीचे हातमाग पिढ्यान् पिढ्या चालले. मागावर बसणारा एक असे, पण कापड विणायला सारे घर लागे. कोणी कांड्या भरी, कोणी ताणा करी, कोणी खळ लावी. कांडी वेळेवर आली नाही की धोटा थांबे. कांड्या जास्त झाल्या की सुतात पैसा अडकून पडे. प्रत्येकाच्या कामाचा मेळ बसवणे हेच घरातल्या कर्त्या माणसाचे खरे कसब.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्येच जलद चालणारा सुधारित हातमाग तयार केला. गिरणीपुढे विणकर टिकावा, हा हेतू होता. त्याच काळात जपानमध्ये साकिची टोयोडा मागावरच काम करत होते. 1924 साली त्यांचा स्वयंचलित माग आला. सूत तुटले की तो आपोआप थांबे, त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले.

टोयोडांच्या कापड कारखान्यातून ताइइची ओनो 1943 मध्ये मोटार कारखान्यात आले. मागांवर जे जमते ते मशीनवर का जमू नये, असा त्यांचा सवाल होता. 1947 च्या सुमारास त्यांनी मशीनची मांडणी बदलायला घेतली. त्यातूनच पुढे घोड्याच्या नालेसारखी, म्हणजे यू आकाराची रांग रूढ झाली.

तिचा फायदा हिशेबातच दिसतो. एका वस्तूची सहा कामे क्रमाने 70, 80, 90, 30, 40 आणि 50 सेकंदांची आहेत. दर 120 सेकंदांना एक नग हवा. सरळ रांगेत फक्त लागोपाठची कामे एकाला देता येतात, म्हणून चार माणसे लागतात: 70, 80, 90 अधिक 30, आणि 40 अधिक 50. रांग वाकवली की पहिले आणि शेवटचे काम समोरासमोर येते. मग 70 अधिक 50, 80 अधिक 40, 90 अधिक 30. तिघांत काम होते आणि तिघांवर बोजा सारखा. मागणी निम्मी झाली, तर त्याच रांगेवर दोघे पुरतात. मिल्टेनबर्ग आणि वाइनगार्ड यांनी 1994 साली या कोड्याची गणिती मांडणी केली.

पण चौथ्याचे काय? 1950 साली आर्थिक अडचणीमुळे टोयोटात कामगार कपात झाली, मोठा संघर्ष पेटला आणि किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावे लागले. 1962 मध्ये कंपनी आणि कामगार संघटनेने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा केला. म्हणजे मशीनची मांडणी बदलून भागले नाही, माणसांशीही करार करावा लागला. आमच्या विणकराशी असा करार कोणी केला नाही. चर्चिलचा माग चांगला होता, तरी यंत्रमागाने बाजार नेला आणि घरेच्या घरे मागावरून उठली.

आज आमची मुले-मुली नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यांनी हा हिशेब शिकावा, एकापेक्षा जास्त मशीन चालवायला शिकावे. त्याबरोबर हेही विचारावे की वाचलेल्या चौथ्या माणसाची मजुरी कोणाच्या खिशात गेली. सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि मापात खोट न करण्याची ताकीदही आहे. सेकंदांचा तोल साधला आणि मजुरीचा बिघडला, तर ती मापातली खोटच म्हणावी लागेल.