उपस्थात्याची जागा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची सेवा करणारा. सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे त्याचे चार गुण. अनुरागाला औषधाच्या पंक्तीत बसवणारी ही मांडणी आजही विलक्षण वाटते. पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाचे तपशीलवार वर्णन येते. ते बळकट असावे, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित असूनही हवेशीर असावे, तेथे पाणी, स्नानगृह व स्वयंपाकघर असावे. रुग्णाचे मन रमवण्यासाठी गाणारे, वाजवणारे, आख्यायिका व पुराणे सांगणारे लोकही हवेत. लावे, ससे, हरणे यांचाही निर्देश आहे. पण त्यावरून तेथे रम्य उपवन होते अशी कल्पना करणे भाबडेपणाचे ठरेल, कारण पथ्याचा मांसरस हाच त्यामागील हेतू दिसतो. एवढ्या बारकाईच्या यादीत एक प्रश्न मात्र विचारलेला नाही. रात्रभर जागलेल्या उपस्थात्याने पाठ टेकायची कोठे?

पुढेही तो फारसा विचारला गेला नाही. गिरनार येथील अशोकाच्या दुसऱ्या लेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था, औषधी वनस्पतींची लागवड आणि वाटेवरील झाडे व विहिरी यांचा एकत्र उल्लेख आहे. औषध रुग्णाला, सावली वाटसरूला, अशी ती वाटणी. युरोपातील सेंट गॉलच्या मठाच्या नवव्या शतकातील आराखड्यात रुग्णनिवासाच्या परिसरात वैद्याची वनौषधींची बाग आखलेली दिसते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रुग्णाला खिडकीबाहेरचे दृश्य आणि फुलांचे रंग किती हवेसे वाटतात हे आवर्जून लिहिले. आप्तस्नेह्यांची वायफळ धीराची बोलणी त्याला कशी त्रासदायक होतात हेही लिहिले. रॉजर उल्रिक यांचा 1984 सालचा प्रसिद्ध अभ्यास याच परंपरेतला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, असे त्यांना आढळले. तात्पर्य, रुग्णालयाच्या बागेचा इतिहास हा बव्हंशी खाटेवरून दिसणाऱ्या बागेचा इतिहास आहे. खाटेच्या कडेला बसलेला माणूस त्यात नाही.

तो आपल्या भाषेतही नीटसा नाही. ‘काळजीवाहू’ हा शब्द आपण सरकारला बहाल करून बसलो आहोत, आणि ‘रुग्णाचे नातेवाईक’ म्हटले की डोळ्यांपुढे गर्दी उभी राहते. ‘शुश्रूषा’ हा शब्द मात्र अर्थपूर्ण आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणे, हे सोबतीला असलेल्या माणसाच्या जिण्याचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही.

आपल्याकडे हा माणूस नेहमीच रुग्णालयात होता. जागा त्याने स्वतःच शोधली, जिन्याखाली, व्हरांड्यात, पदपथावर. परळला 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि देशभरातून कर्करुग्ण तेथे येऊ लागले; त्यांच्यासोबत आलेल्या कुटुंबांचे संसार भोवतालच्या रस्त्यांच्या कडेला मांडलेले मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. गाडगे महाराजांना (1876–1956) हे दिसले. तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारणाऱ्या या संताने मुंबईत रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठीही धर्मशाळेचा विचार केला. रुग्णालयाला तीर्थाच्या बरोबरीने मानणे ही केवढी मोठी दृष्टी! परंतु धर्मशाळा रात्रीची सोय करते; दिवसातल्या ज्या अर्ध्या तासात माणूस मोडून पडतो, त्याची नाही.

त्या अर्ध्या तासाचा विचार एका उद्यान-इतिहासकार स्त्रीने केला. मॅगी केझ्विक जेंक्स यांचा चिनी उद्यानांवरील ग्रंथ 1978 चा. 1993 साली त्यांचा कर्करोग उलटल्याचे कळले, आणि ती बातमी पचवण्यासाठी त्यांना व त्यांच्या पतीला मिळाली ती खिडकी नसलेली मार्गिका. 1995 साली त्या निवर्तल्या. त्यांच्या कल्पनेतील पहिले केंद्र 1996 मध्ये एडिंबरा येथे, रुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या तबेल्याच्या इमारतीत सुरू झाले. रुग्णाइतकेच ते त्याच्या आप्तांसाठीही आहे. मध्यभागी स्वयंपाकघरातले टेबल आणि दारापाशी बाग, ही पुढच्या केंद्रांचीही खूण ठरली.

हे जसेच्या तसे आपल्याकडे आणता येणार नाही, आणूही नये. आपल्या आवारात मुळात मोकळी जमीन दुर्मीळ, आणि आहे तेथे मोटारी उभ्या. तरीही कडुनिंबाच्या नाहीतर करंजाच्या सावलीत पाठ टेकता येईल असा बाक मांडता येतो. तो कक्षाच्या दारापासून हाकेच्या अंतरावर हवा. दूरची सुंदर बाग उपस्थात्याला परक्या गावासारखी. काही बाक दोघांसाठी, काही एकट्यासाठी, भिंतीकडे वळलेले, कारण रडणाऱ्याला प्रेक्षक नको असतात. उग्र वासाची फुले टाळावीत. औषधांनी मळमळणारा रुग्णही कधीकधी तेथे येऊन बसतो. हिरवळीवर ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लावायची असेल तर हिरवळ न केलेली बरी. आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप घालणे व्यवस्थापनाच्या कितीही सोयीचे असले, तरी उपस्थात्याला मोकळा श्वास सापडतो तो दिवेलागणीनंतर, भेटीला आलेली मंडळी परतल्यावर, रुग्णाचा डोळा लागल्यावर. त्या वेळी तेथे एखादा मंद दिवा आणि पिण्याच्या पाण्याचा वाहता नळ असावा.