दिघे आडनावाची माणसं : टेंभी नाक्यावरचे साहेब आणि त्यांचे नामवंत आडनावबंधू

ठाणे : शहापूर, मुरबाडकडून कामाला ठाण्यात आलेला माणूस स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला 'टेंभी नाका' म्हणाला की पुढं काही सांगावं लागत नाही. आणि टेंभी नाका म्हटलं की दिघे साहेब. आपल्या जिल्ह्यात हे आडनाव एवढं एका माणसाला चिकटलंय की दुसरा दिघे कोणी असेल असं मनातही येत नाही.

पण मोबाईलवर 'दिघे' टाकून बघा. कादंबरीकार येतात, विधानसभेचे अध्यक्ष येतात, इतिहासकार येतात, शास्त्रज्ञ येतात. मग ग्रुपवर कोणीतरी एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावाखाली टाकतो, कोणी सगळ्यांना एकाच घरातलं करून टाकतो. म्हणून ही माहिती एका जागी दिली आहे.

आडनाव कुठलं?

पाटील, जाधव, शिंदे ही आडनावं गावोगाव भेटतात. दिघे तेवढं भेटत नाही. ठाणे-रायगड पट्ट्यातल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजात हे आडनाव आहे. घाटावर संगमनेर भागात शेतकरी कुटुंबांतही आहे. संगमनेर तालुक्यात तर तळेगाव दिघे नावाचं गावच आहे. त्यामुळं आडनावावरून जात किंवा नातं ठरवायला जाऊ नका.

गावांच्या नावांचाही घोळ होतो. ठाणे आणि ऐरोलीच्या मधलं दिघा गाव हे रेल्वे स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. रायगडच्या श्रीवर्धन तालुक्यात दिघी बंदर आहे. ही ठिकाणं वेगळी, आडनाव वेगळं.

आनंद दिघे (१९५१–२००१)

जन्म २७ जानेवारी १९५१. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख. त्या वेळचा ठाणे जिल्हा म्हणजे डहाणू, जव्हार, मोखाड्यापासून मुरबाडपर्यंत. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. एवढ्या मोठ्या मुलखातली माणसं टेंभी नाक्यावरच्या आनंद आश्रमात गाऱ्हाणी घेऊन यायची. जमिनीचा वाद, पोरीचं सासर, दवाखान्याचं बिल, नोकरी, काहीही. रात्री उशिरापर्यंत दरबार चालायचा. स्वतः दिघे कधी आमदार, खासदार झाले नाहीत.

टेंभी नाक्यावरचा नवरात्रोत्सव त्यांनी १९७८ मध्ये सुरू केला, तो आजही चालू आहे. इथली दहीहंडीही त्यांच्यामुळंच गाजली. कल्याणजवळच्या मलंगगडाच्या आंदोलनातही ते पुढं होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ मध्ये नगरसेवक श्रीधर खोपकर यांच्या खुनाच्या प्रकरणात त्यांना टाडाखाली अटक झाली होती. नंतर ते जामिनावर बाहेर आले.

ऑगस्ट २००१ मध्ये ठाण्यात गाडीला अपघात झाला आणि उपचार चालू असताना २६ ऑगस्टला हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. वय अवघं पन्नास. त्या दिवशी चिडलेल्या जमावानं रुग्णालयाची मोडतोड, जाळपोळ केली. त्यांच्यावरचा 'धर्मवीर' सिनेमा मे २०२२ मध्ये आला, दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यांची भूमिका प्रसाद ओक यांनी केली.

त्यांचे पुतणे केदार दिघे हेही राजकारणात आहेत. २०२४ च्या विधानसभेला ते उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे यांच्या विरोधात उभे होते. त्यात शिंदे निवडून आले. म्हणजे साहेबांचं नाव दोन्ही बाजूंच्या प्रचारात होतं.

शरद दिघे

एकाच काळात दोन दिघे राजकारणात होते, म्हणून जुनी बातमी वाचताना इथं हमखास चूक होते. शरद दिघे काँग्रेसचे. १९८० ते १९८५ या काळात ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या पाच वर्षांत राज्यानं अंतुले, बाबासाहेब भोसले आणि वसंतदादा पाटील असे तीन मुख्यमंत्री पाहिले, पण सभागृहाच्या खुर्चीवर दिघेच होते.

पुढं १९८४ आणि १९९१ ला ते मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मधल्या १९८९ च्या निवडणुकीत ही जागा शिवसेनेच्या विद्याधर गोखले यांनी जिंकली होती. तेव्हा ऐंशी-नव्वदच्या काळातल्या कात्रणात नुसतं 'दिघे' दिसलं तर आधी पक्ष बघायचा. काँग्रेस असेल तर शरद, शिवसेना असेल तर आनंद.

र. वा. दिघे (१८९६–१९८०)

आपल्या शेतकरी वाचकांनी हे नाव नीट लक्षात ठेवावं. रघुनाथ वामन दिघे, जन्म आपल्या कल्याणचा. शिकून वकील झाले, काही काळ वकिली केली आणि मग खोपोलीजवळ विहारीला शेती करायला लागले. आणि शेती करता करता कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांची 'पाणकळा' १९३९ मध्ये आली. पाणकळा म्हणजे पावसाळ्याचे दिवस, आपल्याकडं जुनी माणसं अजून हा शब्द वापरतात. त्या वेळी मराठी कादंबरी बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या माणसांभोवती फिरायची. अशा वेळी यांनी शेत, पाऊस, जंगल आणि कष्टकरी माणूस कादंबरीत आणला. 'सराई', 'आई आहे शेतात', 'पड रे पाण्या' ही त्यांच्या पुस्तकांची नावं वाचूनच कळतं की लिहिणाऱ्यानं आभाळाकडं बघत दिवस काढलेत. पाऊस लांबला की पेरणीचं काय होतं, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागलं नसणार.

वि. गो. दिघे

इतिहासकार. पहिल्या बाजीराव पेशव्यांवर आणि मराठ्यांच्या विस्तारावर त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये मुंबईत निघाला. अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. ठाणेकरांना हा विषय घरचाच आहे. बाजीरावांच्याच काळात, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. तो ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. टेंभी नाक्यापासून ते फार लांब नाही.

अमोल दिघे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ. २०१३ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. देशातल्या शास्त्रज्ञांसाठी हा फार मोठा मान समजला जातो.

त्यांचा विषय न्यूट्रिनो. हा इतका बारीक कण आहे की सूर्याकडून येणारे असे सुमारे ६,५०० कोटी कण दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मोठा तारा फुटतो तेव्हाही हे कण प्रचंड संख्येनं बाहेर पडतात आणि वाटेत आपला प्रकार बदलतात. तो बदल कसा होतो आणि त्यावरून काय कळतं, यावर दिघे यांचं काम आहे. पोरं दहावी-बारावीला विज्ञान घेऊन बसली असतील तर त्यांना हे नाव सांगा.

लक्षात ठेवायचं एवढंच

आनंद आणि केदार हे काका-पुतणे. बाकीच्यांची नावं वर एकाखाली एक आली ती आडनावामुळं, नात्यामुळं नाही. तेव्हा फॉरवर्ड करताना नुसतं 'दिघे' न लिहिता पूर्ण नाव आणि साल लिहावं.

दुसरी गोष्ट. आनंद दिघे यांची पुण्यतिथी दर ऑगस्टला होते, नवरात्रात टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. साहेबांना विसरायची कोणाला भीती नाही. पण कल्याणात जन्मलेल्या आणि शेतात राबून शेतकऱ्याची कादंबरी लिहिलेल्या र. वा. दिघ्यांचं नाव आपल्याच तालुक्यांत किती जणांना माहीत आहे? गावच्या, तालुक्याच्या वाचनालयात पुढच्या वेळी गेलात तर 'पाणकळा' आहे का विचारा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या. चार जणांनी लिहिलं तर पुस्तक येतं.